बहुमजली महाविद्यालयीन इमारतींतील मजल्यांमधील नेटवर्क-केबल : स्वरूप, नियोजन आणि सुरक्षितता

गोषवारा

महाविद्यालयांतील अध्यापन, परीक्षा, प्रवेशप्रक्रिया आणि ग्रंथालयसेवा आज संगणकीय नेटवर्कवर अवलंबून आहेत. संगणक, प्रक्षेपक व इंटरनेट जोडणी यांविषयी संस्था जागरूक असतात. परंतु एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर माहिती वाहून नेणाऱ्या केबलचा विचार क्वचितच स्वतंत्रपणे केला जातो. प्रस्तुत लेखात या उभ्या केबलचे कार्य, तिच्या अंतरमर्यादा, तांबे व प्रकाशतंतू यांतील निवड आणि स्लॅबला पाडलेल्या छिद्रांतून निर्माण होणारा आगीचा धोका यांचे विवेचन केले आहे. मजल्यांमधील केबल ही संगणकखरेदीची पुरवणी नसून इमारतीचेच एक अंग आहे आणि म्हणून तिची जबाबदारी पुरवठादाराची नव्हे तर संस्थेची आहे, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन होय.

बीजसंज्ञा : उभी केबल, आडवी केबल, प्रकाशतंतू, शाफ्ट, अग्निरोधन, महाविद्यालयीन नेटवर्क.

१. प्रस्तावना

राष्ट्रीय माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाधारित शिक्षण अभियान २००९ साली सुरू झाले, तर राष्ट्रीय ज्ञान जालाच्या उभारणीस २०१० पासून गती मिळाली. त्यानंतर खाजगी सेवादारांच्या जलद जोडण्याही गावोगावच्या महाविद्यालयांपर्यंत पोहोचल्या. इंटरनेट अशा रीतीने महाविद्यालयाच्या प्रवेशद्वारापर्यंत आले. तरीही तळमजल्यावरील कार्यालयात वेगाने उघडणारे संकेतस्थळ तिसऱ्या मजल्यावरील भाषा विभागात मात्र रेंगाळत उघडते, असा अनुभव अनेक प्राध्यापकांना येतो. दोष सामान्यतः सेवादाराला दिला जातो आणि अधिक वेगाची, अर्थात अधिक खर्चाची, जोडणी घेतली जाते. परिस्थिती मात्र फारशी सुधारत नाही, कारण अडथळा प्रवेशद्वाराबाहेर नसून जिन्याजवळच्या भिंतीत असतो.

हा प्रश्न केवळ संगणकशास्त्र विभागाचा आहे असे मानण्याची प्रथा आहे. वस्तुतः कोणत्या विभागाला किती वेग मिळावा, इमारतीच्या स्लॅबला कोठे छिद्र पाडावे आणि कोणत्या दर्जाची केबल खरेदी करावी, हे निर्णय बांधकाम समिती, खरेदी समिती व महाविद्यालय विकास समिती यांच्या बैठकांत होतात. या समित्यांवर सर्व विद्याशाखांचे प्राध्यापक असतात. म्हणून या विषयाची मूलतत्त्वे प्रत्येक प्राध्यापकास ज्ञात असणे आवश्यक आहे.

२. आडवी आणि उभी केबल

इमारतीतील केबल-रचनेचे दोन मुख्य भाग पडतात. एकाच मजल्यावरील रॅकपासून प्रत्येक खोलीतील जोडणीपर्यंत जाणारी ती आडवी केबल. निरनिराळ्या मजल्यांवरील रॅक मुख्य सर्व्हर-कक्षाशी जोडणारी ती उभी केबल. आडवी केबल एका संगणकाची असते. उभी केबल संपूर्ण मजल्याची असते. आडवी केबल तुटल्यास एक प्राध्यापक खोळंबतो. उभी केबल तुटल्यास एक विभाग किंवा अख्खी प्रयोगशाळा थांबते.

ही विभागणी आरंभापासून नव्हती. पूर्वीच्या इथरनेट पद्धतीत एकच समाक्ष केबल खोलीखोलीतून फिरवली जाई आणि सर्व संगणक तिलाच जोडले जात. बारीक समाक्ष केबलचा एक खंड १८५ मीटरपर्यंत नेता येत असे. एखाद्या ठिकाणी जोड निसटला, की त्या केबलवरील सर्व संगणक बंद पडत. १९९० मध्ये पिळाच्या जोड्यांच्या केबलवर चालणाऱ्या इथरनेटचे मानक निश्चित झाले आणि प्रत्येक संगणकाची केबल स्वतंत्रपणे मध्यवर्ती उपकरणापर्यंत आणण्याची तारकाकार रचना रूढ झाली. १९९१ मध्ये अमेरिकेत टीआयए/ईआयए-५६८ हे इमारतीतील केबलविषयक मानक प्रसिद्ध झाले. १९९५ मध्ये आयएसओ/आयईसी ११८०१ हे आंतरराष्ट्रीय मानक आले. नव्या आवृत्त्यांमधून ही मानके आजही प्रचलित आहेत. या मानकांमागील विचार साधा आहे : संगणक बदलतील, स्विच बदलतील, परंतु भिंतीतील केबल अनेक वर्षे तीच राहणार आहे, म्हणून ती विशिष्ट उपकरणासाठी नव्हे तर इमारतीसाठी टाकावी.

३. अंतराची मर्यादा

तांब्याच्या पिळाच्या केबलवर इथरनेटची कमाल मर्यादा १०० मीटर आहे. यांपैकी ९० मीटर ही भिंतीतील व छतावरील कायमची केबल आणि उरलेले १० मीटर दोन्ही टोकांच्या सुट्या जोड-केबलसाठी धरले जातात. प्रथमदर्शनी ही मर्यादा पुरेशी वाटते. प्रत्यक्ष मोजणी केल्यास चित्र वेगळे दिसते.

उदाहरणादाखल तळमजला अधिक तीन मजले अशी एक इमारत विचारात घेऊ. सर्व्हर-कक्ष तळमजल्याच्या एका टोकाला आहे आणि तिसऱ्या मजल्यावरील दुसऱ्या टोकाच्या खोलीत जोडणी द्यावयाची आहे. रॅकपासून छतापर्यंत व तेथून शाफ्टपर्यंत १२ मीटर, प्रत्येकी ३.६ मीटर उंचीचे तीन मजले म्हणजे १०.८ मीटर, पॅसेजची लांबी ५५ मीटर, खोलीत शिरून छतावरून टेबलापर्यंत उतरण्यास १४ मीटर. एकूण लांबी ९१.८ मीटर होते. मर्यादा ओलांडली गेली. अशी केबल बंद पडेलच असे नाही. ती कधी चालते, कधी अडखळते आणि दोषाचे मूळ शोधणे कठीण होऊन बसते.

याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर शाफ्टलगत स्वतंत्र रॅक ठेवल्यास आडव्या केबलची लांबी ५५ अधिक १४ अधिक रॅकपासून छतापर्यंतचे ३ मीटर, म्हणजे ७२ मीटर होते. उभी केबल वेगळी मोजली जाते. प्रत्येक मजल्यावर रॅक का हवा, याचे उत्तर या बेरजेत आहे. तसेच हेही लक्षात येते, की मजल्यांची उंची हा एकूण अंतराचा लहानसा भाग असतो. सर्व्हर-कक्ष इमारतीच्या टोकाऐवजी मध्यभागी आणि सर्व मजल्यांचे रॅक एकाखाली एक असे योजल्यास केबलची बचत होते. हा निर्णय वास्तुविशारदाच्या आराखड्यातच घ्यावा लागतो. इमारत उभी राहिल्यानंतर तो घेता येत नाही.

४. मजल्यांची साखळी आणि वेगाची वाटणी

अनेक जुन्या इमारतींत नेटवर्क टप्प्याटप्प्याने वाढलेले असते. प्रथम तळमजल्यावर एक स्विच बसतो. पुढे अनुदान मिळाल्यावर तेथून पहिल्या मजल्यावर केबल नेली जाते. काही वर्षांनी पहिल्या मजल्यावरून दुसऱ्या आणि दुसऱ्यावरून तिसऱ्या मजल्यावर. अशा रीतीने मजल्यांची एक साखळी तयार होते.

पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या मजल्यावर प्रत्येकी ४० संगणक आहेत आणि मजल्यांमधील जोडणी सेकंदाला १,००० मेगाबिट क्षमतेची आहे, असे मानू. साखळीत तळमजला व पहिला मजला यांमधील एकाच केबलवरून १२० संगणकांची माहिती जाते. सर्वांनी एकाच वेळी वापर केल्यास प्रत्येकाच्या वाट्यास सुमारे ८.३ मेगाबिट येतात. याउलट प्रत्येक मजल्याची उभी केबल स्वतंत्रपणे सर्व्हर-कक्षापर्यंत आणल्यास प्रत्येक संगणकास २५ मेगाबिट मिळू शकतात. ऑनलाइन परीक्षेच्या वेळी, जेव्हा सर्व विद्यार्थी एकाच क्षणी प्रश्नपत्रिका उघडतात, तेव्हा हा तिपटीचा फरक निर्णायक ठरतो. शिवाय साखळीतील पहिल्या मजल्याच्या स्विचचा वीजपुरवठा खंडित झाला, की त्यावरील दोन्ही मजले बंद पडतात.

यात आणखी एक भर पडते. सेकंदाला १,००० मेगाबिट वेग देणाऱ्या तांब्याच्या इथरनेटला केबलमधील चारही जोड्या लागतात. १०० मेगाबिट वेगाचे काम मात्र दोन जोड्यांवर भागते. एखादी जोडी तुटलेली किंवा टोकाशी नीट न बसलेली असल्यास उपकरणे अनेकदा निमूटपणे १०० मेगाबिटवर उतरतात. जोडणी चालू दिसते, दिवा लुकलुकतो आणि कोणालाही शंका येत नाही. वरील साखळीत असे घडल्यास प्रत्येक संगणकाच्या वाट्यास एक मेगाबिटही उरत नाही. केबल वाचवण्यासाठी एकाच केबलच्या चार जोड्या दोन-दोन करून दोन जोडण्यांना वापरण्याची युक्तीही याच कारणास्तव महागात पडते.

बिनतारी जोडणीमुळे केबलची गरज संपली, हाही एक गैरसमज आहे. छतावर बसवलेला प्रत्येक वाय-फाय ॲक्सेस पॉइंट केबलनेच स्विचला जोडलेला असतो आणि बहुधा त्याच केबलमधून त्याला वीजही मिळते. बिनतारी अंतर केवळ शेवटच्या काही मीटरचे असते. वाय-फायचा वापर जितका वाढेल तितका मजल्यांमधील केबलवरील भार वाढेल, कमी होणार नाही.

५. तांबे की प्रकाशतंतू

आडव्या केबलसाठी तांबे आजही योग्य आहे. नवीन कामात कॅट-६ किंवा कॅट-६ए प्रकारची केबल वापरली जाते. सेकंदाला १० गिगाबिट वेग पूर्ण १०० मीटरपर्यंत हवा असल्यास कॅट-६ए आवश्यक ठरते. मजल्यांमधील केबलसाठी मात्र प्रकाशतंतू अधिक श्रेयस्कर आहे. त्याची कारणे पुढीलप्रमाणे सांगता येतील.

पहिले कारण क्षमतेचे. ५० मायक्रॉन गाभ्याच्या ओएम-३ प्रकारच्या बहुमार्गी तंतूवर १० गिगाबिट वेग ३०० मीटरपर्यंत मिळतो. सुमारे ९ मायक्रॉन गाभ्याच्या एकमार्गी तंतूवर तोच वेग १० किलोमीटरपर्यंत नेता येतो. पुढील काळात वेग वाढवायचा झाल्यास तंतू तोच ठेवून दोन्ही टोकांची उपकरणे बदलणे पुरेसे होते.

दुसरे कारण विजेचे. महाराष्ट्रात वळवाच्या पावसात विजांच्या कडकडाटानंतर स्विचचे पोर्ट जळाल्याच्या तक्रारी नित्याच्या आहेत. तांब्याची लांब केबल, विशेषतः दोन इमारतींना जोडणारी किंवा बाहेरच्या भिंतीवरून लोंबणारी, विजेच्या लाटेला उपकरणापर्यंत वाट करून देते. मुख्य इमारत आणि नंतर बांधलेला विस्तारित भाग यांचे अर्थिंग वेगवेगळे असेल तर हा धोका वाढतो. काचेच्या तंतूतून प्रकाश जातो, विद्युत प्रवाह जात नाही. त्यामुळे असा धोका उद्भवत नाही. मात्र काही प्रकाशतंतू-केबलींना उंदरांपासून संरक्षणासाठी धातूचे कवच असते. त्या कवचाचे अर्थिंग करणे विसरू नये.

तिसरे कारण सान्निध्याचे. शेजारून जाणाऱ्या वीजवाहक केबलमुळे तांब्यातील संदेशात व्यत्यय येऊ शकतो. प्रकाशतंतूत तो येत नाही. तथापि यावरून प्रकाशतंतू विजेच्या केबलसोबत एकाच पोकळीत टाकावा, असा निष्कर्ष काढणे चुकीचे आहे. त्याची चर्चा पुढील भागात केली आहे.

एका जोडणीस साधारणतः दोन तंतू लागतात. परंतु केबल टाकण्याच्या खर्चात मजुरी व खोदकाम यांचा वाटा मोठा असल्याने प्रत्येक मजल्यावर किमान बारा तंतूंची केबल टाकून उरलेले तंतू भविष्यासाठी राखून ठेवणे हिताचे असते.

खरेदीच्या संदर्भात एका बाबीचा उल्लेख अपरिहार्य आहे. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या केबल मिळतात. त्या स्वस्त व वजनाने हलक्या असतात. परंतु मानकांना शुद्ध तांब्याचीच तार अभिप्रेत आहे. ॲल्युमिनियमचा विद्युत रोध अधिक असल्याने ॲक्सेस पॉइंट किंवा कॅमेऱ्यास वीज देताना अशी केबल अधिक तापते. निविदेत केवळ केबलचा प्रकार लिहिला आणि ‘संपूर्ण तांबे’ असे नमूद केले नाही, तर सर्वात कमी दराची निविदा स्वीकारण्याच्या पद्धतीत नेमकी हीच केबल इमारतीत शिरते.

६. स्लॅबमधील छिद्र आणि आग

प्रत्येक मजल्याचा स्लॅब हा आगीच्या दृष्टीने एक अडसर असतो. खालच्या मजल्यावरील आग वर जाण्यास त्यामुळे विलंब होतो आणि त्या वेळात माणसे बाहेर पडू शकतात. केबलसाठी कोअर कटिंग करून पाडलेले प्रत्येक छिद्र या अडसराला भगदाड पाडते. उभा शाफ्ट मजल्यामजल्यावर बंद केलेला नसेल तर तो धुराड्याप्रमाणे काम करतो.

या संदर्भात १९७५ मधील दोन घटना अभ्यसनीय आहेत. २७ फेब्रुवारी १९७५ रोजी न्यूयॉर्क शहरातील एका बहुमजली दूरध्वनी केंद्राच्या तळघरातील केबल-कक्षात आग लागली आणि केबलच्या मार्गांतून ती वरच्या मजल्यांवर पोहोचली. सुमारे १,७०,००० दूरध्वनी बंद पडले आणि सेवा पूर्ववत होण्यास तीन आठवडे लागले. केबलच्या पीव्हीसी आवरणाच्या धुराचा अग्निशमन जवानांना मोठा त्रास झाला. त्यानंतर महिन्याभरातच, २२ मार्च १९७५ रोजी, अलाबामा राज्यातील ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्रात भिंतीतील केबल-मार्ग हवाबंद आहे का हे पाहण्यासाठी मेणबत्तीची ज्योत वापरण्यात आली. छिद्रात भरलेल्या पॉलियुरेथेन फोमने पेट घेतला आणि सुमारे १,६०० केबल निकामी झाल्या. पहिल्या घटनेतून छिद्र उघडे ठेवण्याचा, तर दुसरीतून ते ज्वलनशील पदार्थाने बुजवण्याचा परिणाम दिसतो. आपल्याकडे छिद्रे बुजवण्यासाठी सर्रास वापरला जाणारा साधा फवारणीचा फोम याच जातीचा आहे, याची नोंद घ्यावयास हवी.

आपल्या देशातील उदाहरणही दूरचे नाही. २३ फेब्रुवारी २०१० रोजी बंगळूर येथील कार्लटन टॉवर्स या बहुमजली इमारतीत विजेच्या केबलच्या उभ्या मार्गात आग लागली. धूर वरच्या मजल्यांवर कोंडला आणि ९ जण मृत्युमुखी पडले. ही आग विजेच्या केबलची होती, नेटवर्कची नव्हे. परंतु धूर कोणत्या केबलचा मार्ग शोधतो याला महत्त्व नसते. उघड्या मार्गाला महत्त्व असते.

भारताच्या राष्ट्रीय बांधकाम संहितेने याविषयी स्पष्ट मार्गदर्शन केले आहे. २००५ च्या आवृत्तीत विजेच्या केबलचा डक्ट प्रत्येक मजल्यावर अज्वलनशील पदार्थाने बंद करावा, तसेच त्यात दूरध्वनी, जलवाहिनी वा वायूवाहिनी यांसारख्या अन्य सेवा टाकू नयेत, असे म्हटले आहे. २०१६ च्या आवृत्तीत माहिती व संप्रेषणविषयक व्यवस्थेसाठी स्वतंत्र विभागच समाविष्ट झाला. महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीतील अग्निसुरक्षेची जबाबदारी मालकावर व भोगवटादारावर आहे. केबल टाकणारा कंत्राटदार काम संपवून निघून जातो. जबाबदारी संस्थेकडेच राहते.

छिद्र बंद करण्यासाठी अग्निरोधक मॉर्टार, उष्णतेने फुगून पोकळी भरून काढणारे सीलंट आणि काढता-घालता येणाऱ्या अग्निरोधक उशा उपलब्ध आहेत. जेथे वारंवार नवी केबल टाकावी लागते तेथे उशा सोयीच्या ठरतात. मूळ काम उत्तम झाले तरी पुढील वर्षी एखादी नवी केबल घालताना सीलंट फोडून ते तसेच सोडले, तर सर्व संरक्षण निरर्थक होते.

आवरणाच्या निवडीतही एक सूक्ष्म भेद आहे. सामान्य पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड हा दाहक वायू व दाट धूर बाहेर पडतो. म्हणून कमी धुराचे व हॅलोजनविरहित आवरण मागितले जाते. परंतु धूर कमी असणे आणि ज्वाला उभ्या केबलवरून वर न चढणे हे दोन वेगळे गुणधर्म आहेत व त्यांच्या चाचण्याही वेगळ्या आहेत. मजल्यांमधील केबलसाठी दोन्ही गुणधर्मांची प्रमाणपत्रे मागणे योग्य होय.

७. समित्यांसाठी काही सूचना

(१) नव्या इमारतीच्या आराखड्यात विजेच्या शाफ्टपासून वेगळा असा नेटवर्कचा शाफ्ट आणि प्रत्येक मजल्यावर त्यालगत कुलूपबंद, हवेशीर कक्ष दाखवलेला असावा. जिन्याखालची जागा किंवा स्वच्छतागृहाची भिंत रॅकसाठी वापरू नये.

(२) जुन्या इमारतीत खिडकीबाहेरून लोंबणाऱ्या केबलऐवजी प्रत्येक मजल्याची स्वतंत्र प्रकाशतंतू-केबल बंदिस्त मार्गाने सर्व्हर-कक्षापर्यंत आणावी. कोअर कटिंगपूर्वी संरचना अभियंत्याचा सल्ला घ्यावा; बीम व स्तंभ यांना छिद्र पाडू नये.

(३) मार्गातील नळ्या सुरुवातीसच काठोकाठ भरू नयेत. सुमारे ४० टक्क्यांपर्यंतच भराव ठेवण्याचा संकेत आहे. उरलेली जागा पुढील केबलसाठी असते.

(४) निविदेत केबलची जात, संपूर्ण तांबे, आवरणाचा दर्जा, छिद्रांचे अग्निरोधन आणि प्रत्येक जोडणीचा चाचणी-अहवाल या बाबी स्वतंत्रपणे लिहाव्यात. अहवाल मिळाल्याशिवाय अंतिम देयक अदा करू नये.

(५) प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना क्रमांक असावा आणि केबलचा आराखडा इमारतीच्या नकाशासोबत कार्यालयीन दप्तरात जतन करावा. ज्या तंत्रज्ञाला सर्व काही ठाऊक असते तो नोकरी सोडून गेला, की त्याच्याबरोबर ज्ञानही जाते.

(६) वर्षातून एकदा, शक्यतो अग्निसुरक्षा तपासणीच्या वेळी, प्रत्येक मजल्यावरील शाफ्ट उघडून छिद्रे बंद आहेत का हे पाहावे. यासाठी तांत्रिक ज्ञानाची नव्हे तर केवळ विजेरीची आवश्यकता आहे.

८. निष्कर्ष

मजल्यांमधील केबल दृष्टीआड असते. त्यामुळे अंदाजपत्रकात ती ‘इतर खर्च’ या सदरात जाते. परंतु वरच्या मजल्यावरील विभागाला तळमजल्याइतकीच सेवा मिळेल की नाही, ऑनलाइन परीक्षा सुरळीत पार पडेल की नाही आणि आगीच्या प्रसंगी धूर वर्गखोल्यांपर्यंत किती लवकर पोहोचेल, हे तिच्यावर व तिच्या मार्गावर अवलंबून असते. संगणक काही वर्षांत बदलले जातात. स्लॅबला पाडलेले छिद्र इमारत असेपर्यंत राहते. म्हणून मजल्यांमधील केबलचा निर्णय जिना, जलवाहिनी व विद्युत व्यवस्था यांच्याच बरोबरीने, इमारतीच्या नियोजनाचा भाग म्हणून घेतला गेला पाहिजे. पुढील वेळी नेटवर्कच्या विस्ताराचा प्रस्ताव समितीपुढे येईल तेव्हा संगणकांच्या संख्येबरोबरच केबल कोणत्या मार्गाने वर जाणार आणि तो मार्ग प्रत्येक मजल्यावर कसा बंद होणार, हे दोन प्रश्न सदस्यांनी अवश्य विचारावेत.